नव्या फोर बाय फोरची पहिल्या सहा महिन्यांची दुखणी

प्रश्न माजलगाव तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: "काका, पाडव्याला नवी डिझेल फोर बाय फोर घेतली. मॉडेल बाजारात येऊन वर्षही झालेलं नाही. पोळ्यापर्यंत 6,200 किलोमीटर झाले. तीन तक्रारी आहेत. 80-90 च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं. चिखलात मागून 'ठक' असा मोठा आवाज येतो. आणि इंजिन ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, पट्टीवर वरच्या खुणेच्याही वर गेलंय. शोरूमवाले म्हणतात, नॉर्मल आहे, सगळ्याच गाड्यांना असतं. मित्र म्हणतात, नवं मॉडेल पहिल्या वर्षी घ्यायचंच नसतं, कंपन्या नंतर गाड्या परत बोलावतात, आत्ताच विकून टाक. काय करू?"

दादा, गाडी विकू नका. तुमच्या तीन तक्रारींपैकी एक बहुतेक मातीची आहे. एक बहुधा दोषच नाही. तिसरी मात्र खरी आहे आणि तिच्यावर याच आठवड्यात काम व्हायला हवं. शोरूमनं तिन्हींना एकच उत्तर दिलं, चूक तिथं झाली. मी 31 वर्षं हे काम करतोय, त्यातली पहिली 14 कंपनीच्या वर्कशॉपात गेली आणि नंतर छत्रपती संभाजीनगरला स्वतःचं गॅरेज टाकलं. त्यामुळं काउंटरच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

सगळ्यात आधी ऑइल, कारण बाकी दोन गोष्टी थांबू शकतात, ही थांबू शकत नाही.

1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 हे धुराच्या प्रदूषणाचे नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर बसला. त्याला डीपीएफ म्हणतात. फिल्टरमध्ये काजळी साचली की गाडी ती स्वतःच जाळून टाकते. त्यासाठी फिल्टरमध्ये 600 अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती आणायला बऱ्याच इंजिनांत नेहमीच्या स्फोटानंतर उशिरानं थोडं जास्तीचं डिझेल सोडलं जातं. ते सिलिंडरमध्ये पूर्ण जळत नाही, धुरासोबत पुढं जाऊन तिथं उष्णता करतं. अडचण अशी की या उशिरा सोडलेल्या डिझेलचा थोडा भाग सिलिंडरच्या भिंतीवर बसतो, रिंगांच्या बाजूनं खाली उतरतो आणि चेंबरमधल्या ऑइलमध्ये मिसळतो. जाळण्याचं काम एका दमात पूर्ण झालं तर हा भाग थोडाच असतो. मध्येच इंजिन बंद केलं तर काम अर्धवट राहतं, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि पुन्हा डिझेल खाली उतरतं.

आता तुमचा दिवस बघा. घर ते शेत चार किलोमीटर. बांधावर गाडी बंद. तासाभरानं परत चार किलोमीटर. दुपारी खताच्या दुकानापर्यंत. इंजिन नीट तापायच्या आधीच चावी फिरते. या वापरात फिल्टर कधीच साफ होत नाही, आणि दर वेळी चमचा-चमचा डिझेल ऑइलमध्ये जमा होतं. तुमच्या पट्टीवर जे वाढलेलं दिसतंय ते ऑइल नाही, डिझेल आहे. निदान तसा माझा पहिला संशय आहे.

खात्री घरीच करता येते. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. पट्टी काढून स्वच्छ फडक्यानं पुसा, पुन्हा घालून काढा. टोकावरचा थेंब बोटांवर घेऊन चोळा. चांगलं ऑइल काळं असलं तरी बोटांमध्ये तार धरतं. डिझेल मिसळलेलं ऑइल पाण्यासारखं सुटतं आणि नाकाजवळ नेलं की डिझेलचा वास लपत नाही. दुसरा थेंब कोऱ्या टीपकागदावर सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी मधे काळा ठिपका आणि त्याच्या बाहेर फिकट पिवळसर, तेलकट कडं पसरलेलं दिसलं तर डिझेल उतरलंय असं धरा. ही काही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, पण आमच्या लाइनमध्ये जुनी माणसं यावरूनच अंदाज बांधत आणि तो सहसा चुकत नसे. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर गोष्ट वेगळी. मग पाणी किंवा कूलंट शिरलंय, गाडी जागची हलवू नका.

पट्टीवर पातळी वरच्या खुणेच्या वर असताना गाडी पळवणं धोक्याचं आहे. पातळ ऑइलची फिल्म बेअरिंगवर टिकत नाही, आणि पहिला मार टर्बोला बसतो. पातळी फारच वाढली तर ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीच्या, वाटेनं इंजिनात ओढलं जातं आणि डिझेल इंजिन त्या ऑइलवरच चालायला लागतं. चावी बंद केली तरी ते थांबत नाही. असं इंजिन मी आयुष्यात दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. म्हणून ऑइल आणि फिल्टर आधी बदलून घ्या, बाकीचं बोलणं नंतर.

मग वर्कशॉपात स्कॅनर लावायला सांगा आणि तीन आकडे मागा: फिल्टरमध्ये काजळी किती भरली आहे, शेवटची पूर्ण सफाई होऊन किती किलोमीटर झाले, आणि अर्धवट राहिलेल्या सफाया किती. हे तिन्ही आकडे बहुतेक गाड्यांच्या संगणकात असतात. त्यांचा कागद घ्या, नाहीतर फोटो काढून ठेवा. गाडी कमी चालते म्हणून सफाई अर्धवट राहत असेल तर ते आकड्यांतच दिसेल. पण सफाया पूर्ण होतायत आणि तरीही ऑइल वाढतंय, असं निघालं तर इंजेक्टर गळतोय का, फिल्टरच्या आधीचा-नंतरचा दाब मोजणारा सेन्सर चुकीचा आकडा देतोय का, हे तपासलंच पाहिजे. ते वॉरंटीचं काम आहे. अशा तक्रारींवर कंपन्या बहुधा सॉफ्टवेअर बदलून देतात, म्हणजे सफाई कधी सुरू करायची, डिझेल किती आणि केव्हा सोडायचं, हा हिशोब नव्यानं लिहितात. तुमच्या गाडीसाठी असं नवं सॉफ्टवेअर आलंय का, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा. विचारलं नाही तर बऱ्याच ठिकाणी कुणी आपण होऊन सांगत नाही.

तुमच्या बाजूनं एवढंच करायचं: आठवड्यातून एकदा माजलगावहून गढीपर्यंत या, तिथून सोलापूर-धुळे महामार्गाला लागून बीडच्या दिशेनं पंधरा-वीस मिनिटं एका लयीत गाडी चालू द्या. इंजिन 2,000 फेऱ्यांच्या आसपास, गिअरची फार अदलाबदल नको. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला असेल तर तो विझेपर्यंत थांबू नका. आणि एक गोष्ट आत्तापासून डोक्यात ठेवा. येत्या माघ-फाल्गुनात शेतात पऱ्हाट्या वाळलेल्या असतील, बांधावर गवत पिवळं पडलेलं असेल. सफाई चालू असलेली गाडी अशा ठिकाणी उभी करू नका. खालचा पाइप लाल व्हायच्या बेतात असतो आणि वाळल्या गवताला तेवढं पुरतं. गाडी नेहमीपेक्षा जास्त तापल्याचा वास आला, उभी असताना फेरे जरा वाढलेले वाटले, बंद केल्यावरही पंखा फिरत राहिला, तर सफाई चालू आहे असं समजा आणि मोकळ्या जमिनीवर उभी करा.

आता थरथर. तुम्ही लिहिलंय की ती पावसाळ्यात सुरू झाली, 80 ला येते, 100 च्या पुढं कमी होते आणि दोनदा अलायमेंट करूनही गेली नाही. अलायमेंटचा इथं संबंधच नाही. अलायमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं खातात. ठराविक वेगाला येणारी थरथर चाकाच्या वजनाची असते. आपली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते, जिथं पाण्याचा फवारा पोचत नाही. रात्री गाडी उभी राहिली की ओला चिखल घसरून रिमच्या खालच्या भागात जमा होतो आणि सकाळपर्यंत सुकून दगड होतो. बॅलन्सिंग करताना आम्ही पाच-पाच ग्रॅमचा हिशोब करतो. मागच्या श्रावणात गेवराईकडच्या एका गाडीचं एकच चाक काढलं, आतल्या बाजूची माती लाकडी खपलीनं खरवडली आणि शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. 340 ग्रॅम भरली. मालकानं तोवर दोन टायर बदलले होते.

चारही चाकं काढून आतली बाजू धुऊन घ्या. माती भिजवून लाकडानं किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा, लोखंडी पान्यानं खरवडली तर रिमचा रंग जातो आणि चिकटवलेली शिशाची वजनंही उडतात. मग बॅलन्सिंग. दहातल्या आठ वेळा विषय इथंच संपतो.

पण या थरथरीला एक थोरला भाऊ आहे आणि त्याच्याशी गल्लत करू नका. पुढं अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांत, म्हणजे जीप रँग्लर, सुझुकी जिम्नी, जुन्या जीपा, खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला की स्टिअरिंग एकदम हातातून निसटल्यासारखं डावी-उजवीकडं झोडपायला लागतं आणि वेग उतरल्याशिवाय थांबत नाही. अशा वेळी करकचून ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग वळवायचं नाही, फक्त घट्ट धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. 2018 ला आलेल्या नव्या रँग्लरमध्ये याच्या तक्रारी इतक्या झाल्या की कंपनीनं 2019 मध्ये मालकांना सुधारित स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा, मोफत बसवून दिला. मला विचाराल तर डॅम्पर हा शेवटचा उपाय आहे. अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या रॉडचा बोल्ट ढिला आहे का, त्याचा बुश दबलाय का, बॉल जॉइंटमध्ये खेळ आहे का, हे आधी बघायचं. एकानं गाडी जागेवर उभी आणि इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग डावी-उजवीकडं हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली पडून प्रत्येक जॉइंटवर बोट ठेवायचं. खेळ असेल तर बोटाला लगेच कळतो. तुमच्या गाडीला पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यामुळं हा आजार तुम्हाला होण्याची शक्यता कमी. तरी चाकं धुतल्यावरही थरथर राहिली तर हीच तपासणी करून घ्या.

'ठक' आवाजाबद्दल फार काळजी नको. तुमच्या पुस्तिकेत मागचं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरपेटी, आपोआप लॉक होतं असं लिहिलेलं असेल, तर तो लॉक पडल्याचा आवाज आहे. एक चाक चिखलात फुकट फिरायला लागलं आणि दोन्ही चाकांच्या फिरण्यात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला, की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, खिटी अडकते आणि दोन्ही चाकं एक होतात. ते हळुवार होत नाही, झटक्यानं होतं. कोरड्या डांबरावर प्रत्येक वळणाला ठक येत असेल, किंवा वेगासोबत वाढत जाणारा 'घूं' आवाज असेल, तर मात्र क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधले मुख्य गिअर, आणि बेअरिंग उघडून बघायला हवं.

याच्या जोडीला एक विचारून ठेवतो: डांबरी रस्त्यावर फोर एच मध्ये, म्हणजे चारही चाकं जोडून नेहमीच्या वेगात, गाडी चालवत नाही ना? वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा वळसा घेतात. तुमच्यासारख्या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल नसतं, मग तो फरक जायला जागा राहत नाही आणि शाफ्टना पीळ बसतो. गाडी वळणावर अडखळते, लिव्हर निघता निघत नाही. लोक म्हणतात गिअर अडकतो, कंपनीनं कचरा माल लावला. मातीवर दहा फूट सरळ मागं घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर बोटानं निघतं. पाणंद रस्त्यावर चढ आला की उलटं होतं: फोर एल, म्हणजे चारही चाकं जोडून हळू पण ताकदीनं चालायचा गिअर, वापरायचं सोडून लोक वरच्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून चढवतात. फोर एल मध्ये ताकद साधारण अडीच पट मिळते, क्लच पूर्ण सोडून चालता येतं. नव्या गाडीची क्लच प्लेट पाच हजारात जळाली म्हणून माझ्याकडं आलेल्या बहुतेक गाड्यांची कहाणी हीच आहे.

आता मित्रांच्या मुद्द्याकडं येतो. नवं मॉडेल पहिल्या वर्षी घेऊ नये, हे बोलणं पूर्ण खोटं नाही. पण त्यामागचं कारण समजून घेतलं तर घाबरण्याऐवजी योग्य प्रश्न विचारता येतात.

काही दोष एका खेपेचे असतात. डिझाइन बरोबर, पण एखाद्या दिवशी एखाद्या यंत्राची सेटिंग चुकली आणि तेवढा माल बाद आला. 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार आली. पुढच्या फेब्रुवारीत महिंद्रानं 1,577 डिझेल थार तपासायला बोलावल्या, कारण सुटे भाग पुरवणाऱ्याच्या कारखान्यात यंत्राच्या सेटिंगची चूक झाली होती आणि कॅमशाफ्ट सदोष असण्याची शक्यता होती. या गाड्या 7 सप्टेंबर ते 25 डिसेंबर 2020 या काळात बनलेल्या होत्या. स्कॉर्पिओ-एनचंही तसंच. 1 जुलै ते 11 नोव्हेंबर 2022 दरम्यान बनलेल्या 6,618 मॅन्युअल स्कॉर्पिओ-एन आणि त्यांच्या जोडीला 12,566 एक्सयूव्ही 700 बोलावल्या गेल्या. क्लचच्या बेल हाउसिंगमधला, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचातला, रबरी बेलो पुरवठादाराकडं नीट निवडून वेगळा केला गेला नव्हता, मापात फरक राहिला होता. दोन्ही वेळा तपासणी आणि बदल मोफत झाला. यात एक गोष्ट ध्यानात घ्या: तारीख पक्की असते. 26 डिसेंबरला बनलेली थार या यादीत नाही. म्हणून गाडी कधी विकत घेतली याला इथं किंमत नाही, ती कधी बनली याला आहे. तुमच्या 17 अक्षरी चासी नंबरातच बनल्याचं वर्ष आणि महिना दडलेला असतो. शोरूमला नंबर द्या आणि विचारा की या नंबरावर काही मोहीम, म्हणजे गाडी परत बोलावून करायचं काम, उघडी आहे का. त्यांच्या संगणकात दोन मिनिटांत दिसतं.

दुसरे दोष मुळातल्या निवडीचे असतात: धातू, आकार किंवा मापच कमकुवत निवडलेलं. हे हळूहळू उघडं पडतं. फोर्ड ब्रॉन्कोचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. 2021 मध्ये गाडी आली आणि तिच्या 2.7 लिटर पेट्रोल इंजिनांचे इनटेक व्हॉल्व्ह कमी किलोमीटरमध्येच तुटायला लागले. त्या व्हॉल्व्हची मिश्रधातू अशी होती की घडवताना जास्त तापली तर ठिसूळ व्हायची. कंपनीनं ऑक्टोबर 2021 मध्ये कारखान्यात धातू बदलली. पण विकल्या गेलेल्या गाड्यांसाठी रिकॉल, म्हणजे परत बोलावण्याचा आदेश, निघाला तो ऑगस्ट 2024 मध्ये, तेच इंजिन-घराणं वापरणारी दुसरी मॉडेलं धरून सुमारे 90 हजार गाड्यांचा. मधली तीन वर्षं बघा. कारखान्यात आधी सुधारणा होते आणि आधीच रस्त्यावर असलेल्यांपर्यंत ती मागाहून पोचते, कधी पोचतच नाही. म्हणून एखादा भाग वॉरंटीत बदलून मिळाला की जुन्या आणि नव्या भागाचा नंबर पडताळा. सुधारित भागाच्या नंबराच्या शेवटी बहुधा एखादं अक्षर किंवा आकडा बदललेला असतो. तोच जुना नंबर पुन्हा बसवत असतील तर सहा महिन्यांनी तोच दोष पुन्हा येईल, हे तोंडावर बोला.

रँग्लरमध्ये दोन्ही प्रकार एकाच गाडीत दिसले. चासीवरच्या एका ब्रॅकेटचं वेल्डिंग अर्धवट राहिलं म्हणून 2018 मध्येच सुमारे 18 हजार गाड्या बोलावल्या, ही खेपेची चूक. आणि अ‍ॅल्युमिनियमचा स्टिअरिंग बॉक्स सैल, भटकल्यासारखा वाटतो म्हणून पुढं ओतीव लोखंडाचा आणला, ती निवडीची चूक.

माझं मत विचाराल तर ज्या कंपनीनं गाडी परत बोलावली तिच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. दोष सगळ्यांत निघतात. बोलावणारी कंपनी निदान हिशोब ठेवते. रिकॉलची बातमी वाचून गाडी विकणारा माणूस दुरुस्त व्हायच्या आधी स्वस्तात विकतो, आणि घेणारा ती मोफत दुरुस्त करून वापरतो. मी असे व्यवहार होताना पाहिलेत आणि विकणाऱ्यासाठी जीव तुटलाय.

या सगळ्याला पाया एकच, जॉब कार्ड, म्हणजे वर्कशॉपात तक्रार लिहून घेतात तो कागद. मी कंपनीच्या वर्कशॉपात असतानाची गोष्ट सांगतो. एक नवी गाडी तीनदा आली. तिन्ही वेळा कार्डावर सल्लागारानं लिहिलं, 'गिअरमधून आवाज.' तिन्ही वेळा दुपारी आम्ही चक्कर मारली, आवाज नाही, 'तपासले, दोष आढळला नाही' असा शेरा मारून गाडी परत. चौथ्या वेळी मालकाच्या वडिलांनी, निवृत्त तलाठी होते ते, स्वतः पेन घेतलं आणि लिहिलं: 'सकाळी पहिल्यांदा गाडी काढल्यावर, इंजिन थंड असताना, पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना, 20 च्या खालच्या वेगात, खर्र असा आवाज. दोन किलोमीटर चालल्यावर येत नाही.' मी गाडी मुक्कामी ठेवून घेतली. सकाळी सहाला काढली, गेटपर्यंतही गेलो नाही तोच खर्र झालं. दुसऱ्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग होती. ऑइल गरम झालं की ती निभावून न्यायची, म्हणून दुपारी सापडत नव्हती. गिअरबॉक्स वॉरंटीत उघडला. दोनेक महिन्यांनी त्याच रिंगचा नवा नंबर स्टोअरमध्ये आला, तेव्हा कळलं की अशी कार्डं इतर गावांतूनही गेली होती.

कंपनीला तुमचा संताप दिसत नाही. तिला कार्डावरचे शब्द आणि त्यांची संख्या दिसते. 'नॉर्मल आहे' असं तोंडी सांगितलं की ती तक्रार जगात जन्मालाच आली नाही. म्हणून तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: केव्हा, किती वेगाला, गरम की थंड, कुठल्या रस्त्यावर. कार्डाची प्रत घ्या. 'नॉर्मल' असेल तर तेही लिहून सही करून द्या म्हणा. पेन पुढं केलं की बऱ्याच वेळा तपासणी आपोआप सुरू होते.

कायदाही तुमच्या बाजूला आहे. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 110 अ आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या वाहनात सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका होईल असा दोष ठरावीक प्रमाणात मालकांनी नोंदवला, तर सरकार सक्तीनं रिकॉल करायला लावू शकतं, आणि दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत आहे. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर मालकाला दोषाची नोंद करता येते. वर्कशॉप दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, आणि 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे बीडलाच करता येते, मुंबई-पुण्याला खेटे नकोत. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तिथंही पहिला कागद जॉब कार्डच मागतात. एक पथ्य पाळा: या तक्रारी मिटेपर्यंत मोठे टायर, लिफ्ट किट, वायर कापून जोडलेले जास्तीचे दिवे, यातलं काहीही बसवू नका. कंपनीला नाही म्हणायला तेवढं निमित्त पुरतं.

पावसाळा चालू आहे म्हणून आणखी दोन गोष्टी. तुम्ही सिंदफणा नदीच्या कडेनं ओढे ओलांडता असं लिहिलंय. चालून तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि त्याचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची वाट, चिखलानं बुजलेला असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काहीच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी बेअरिंग गातं तेव्हा कळतं. पाण्यात उतरण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबून अ‍ॅक्सल निवू द्या. आणि पावसाळा संपला की पुढचं, मागचं डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, अशा तिन्हींचा भरण्याचा बोल्ट काढून बोटानं ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर लगेच बदला आणि ब्रीदरची नळी वर, इंजिनाच्या खोलीपर्यंत घेता येते का विचारा. काही कंपन्या ती कारखान्यातूनच उंच देतात.

दुसरी गोष्ट खालच्या बोल्टची. चासीवर बॉडी बसवणारे, सस्पेन्शनचे, प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट कारखान्यात टॉर्क पान्यानं आवळून त्यांवर रंगाची एक रेघ ओढतात, अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी खालच्या पत्र्यावर. नव्या गाडीत बोल्टखालचा रंगाचा थर दबतो, बुश जागा धरतो आणि ताण थोडा उतरतो. खडबडीत रस्त्यावर हे लवकर होतं. हातातली उजेडाची बॅटरी घेऊन खाली वाका आणि रेघा बघा. रेघ तुटून दोन टोकं वेगळी झाली असतील तर बोल्ट फिरलाय. अंदाजे आवळू नका, टॉर्क पान्यानंच आवळून घ्या आणि नवी रेघ ओढा.

पुढच्या रविवारी येता येत असेल तर या. ऑइल त्याआधी माजलगावातच बदला, काढलेलं थोडं जुनं ऑइल पाण्याच्या छोट्या बाटलीत भरून सोबत आणा. जॉब कार्डाच्या आतापर्यंतच्या सगळ्या प्रती आणा. आणि माझ्याकडं येणार असाल तर वर सांगितलं तशी चाकं आधी धुवू नका, जशी आहेत तशीच आणा. माती कुठल्या चाकात, कुठल्या बाजूला किती बसलीय ते मला तुमच्यासमोर काढून दाखवायचंय.